चाळीस ग्रॅमची भाकरी

माझ्या नातीला शुगर निघाली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी सदुसष्ट. आमच्या घरात पुढचा नंबर खरं तर माझा होता. थोरल्या दिरांना आहे, नणंदेला आहे, म्हणून मी दरवर्षी नेमानं रक्त तपासून घेते आणि दरवर्षी डॉक्टर म्हणतात, "काही नाही, आजी, ठणठणीत आहात." ह्या वर्षी त्यांनी तसं म्हटल्यावर मला त्यांचा राग आला. घरात एकालाच द्यायची होती तर वयाप्रमाणे द्यावी, एवढी साधी शिस्त देवाला नसावी?

आम्ही दोघं नवरा-बायको लातूरला असतो. मुलगा नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहतो, इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. सून रोज रेल्वेनं मुदखेडला कचेरीत जाऊन येते. त्यांची ही एकुलती एक मुलगी. हिवाळ्यात ती सारखं पाणी प्यायला लागली. शाळेत स्वतःची बाटली संपवून मैत्रिणींच्या बाटल्या संपवायची. आम्ही फोनवर म्हटलं, चांगलं आहे, पाणी प्यावं. मग ती वाळत गेली. आम्ही म्हटलं, उंची वाढतेय. एक दिवस ती शाळेतून उलट्या करतच घरी आली आणि संध्याकाळच्या आत दवाखान्यात भरती झाली. आम्हा चौघांचा मिळून अनुभव दोनशे वर्षांचा, पण लेकराचं रक्त तपासावं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचलो तोवर ती उठून बसली होती. हाताला सलाईन, आणि दुसऱ्या हातानं चित्र रंगवून राहिली होती. डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना एका ओळीत बसवून समजावून सांगितलं. म्हणाल्या, हा मोठ्या माणसांच्या शुगरसारखा आजार नाही. हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणंच थांबलं आहे. गोड खाल्ल्यानं झालेलं नाही, कुणाच्या चुकीनं झालेलं नाही. हिला कमी खायला घालायचं नाही, वाढतं वय आहे. जे खाईल ते मोजायचं आणि त्या मापानं इन्सुलिनची सुई द्यायची.

"समजलं ना, आजी?" त्यांनी मुद्दाम मला विचारलं.

मी मान डोलावली. बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे. न समजता मान डोलावणारी पोरं मी दारातून ओळखायची. त्या दिवशी मी त्यांच्यात बसले होते आणि ओळखायला कुणी नव्हतं.

लातूरला परतल्यावर गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "लेकरानं लई गोड खाल्लं असंल." "कारल्याचा रस द्या, माझ्या मावसभावाची सुई सुटली." एकीनं जांभळाच्या बियांची पावडर आणली, रोज एक चमचा, उपाशीपोटी. मी सगळ्यांना चहा दिला आणि पावडर ठेवून घेतली. नंतर त्या पावडरीनं घासलेला तांब्याचा तांब्या चांगला निघाला. शेजारीण मात्र फार मनापासून वाईट वाटून घेत होती. ती म्हणाली, "बाई, तुमच्या हातचं खाऊन माणूस उठत न्हाई, आता लेकराला तुम्ही काय खाऊ घालणार?" तिला एकटीला मी चहा दिला नाही.

तिचं म्हणणं खरं होतं. आमच्या घरात खाणाऱ्याच्या भाकरी मोजत नाहीत. सासूबाई तर टोपल्यातल्या भाकरीसुद्धा मोजू देत नसत, बरकत जाते म्हणायच्या. पीठ संपलं असं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. मी स्वतः उभ्या आयुष्यात पीठ मोजून घेतलेलं नाही. परातीत हात घालायचा, हाताला कळतं. आणि आग्रह करण्यात माझं नाव होतं. मुलाचा एक मित्र आमच्याकडे 'एकच भाकरी' म्हणून बसला आणि चार खाऊन उठला, तो अजून नांदेडला ही गोष्ट सांगतो. आमच्याकडे पुन्हा आला नाही, ते वेगळं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि प्रश्न उभा राहिला. सुनेची रजा हिवाळ्यातच संपली होती. दोघं कामाला गेल्यावर दुपारी पोरीला कोण मोजून जेवू घालणार? मी फोनवर म्हटलं, "इकडं पाठवा." मुलगा म्हणाला, "विचार करून सांगतो." पाच महिन्यांत मी तिच्यासाठी एकदाही स्वयंपाक केला नव्हता. नांदेडला गेले की सून मला कौतुकानं बसवून ठेवायची. शेवटी ठरलं की आठ दिवस पाठवून बघू. जमलं तर सगळी सुट्टी लातूरला, नाही तर मुलगा येऊन घेऊन जाईल. पोरीनं फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, "आजी, जमंल."

ती आली. सोबत इन्सुलिनच्या पेनांची गार पिशवी, बोटातून रक्त काढून शुगर बघायचं यंत्र, स्वयंपाकघरातला तळहाताएवढा वजनकाटा आणि सुनेच्या अक्षरातली एक वही. वहीत सगळं होतं. चाळीस ग्रॅम पिठाची एक भाकरी, दुपारी अशा दोन भाकरी, सोबत एक वाटी आमटी, त्यावर चार युनिट. भाताला इतकं, पोह्याला इतकं. काकडी, मेथी, वांगं हवं तितकं. आणि तीन ठिकाणी लाल शाईनं लिहिलेलं: 'आई, आग्रह करू नका.' बत्तीस वर्षं लाल शाई मी वापरली. ती माझ्यावर वापरलेली मला आवडली नाही.

आमचे हे मात्र खूश होते. ह्यांची सगळी नोकरी एका दाळ मिलमध्ये काट्यावर गेली. पोती ओली करून आणणारे, पोत्यात दगड घालणारे, वजन होताना काट्यावर हळूच पाय टेकवणारे, सगळे नमुने ह्यांनी पाहिलेले. निवृत्त झाल्यापासून ह्यांना वजन करायला काही मिळालं नव्हतं. ह्यांनी तो काटा ओट्यावर सपाट जागा शोधून मांडला, मिठाच्या बंद पुडीनं तपासला आणि बरोबर निघाल्यावर जरा खट्टू झाले. मग स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून वही घेऊन बसले. मी वाटीत पीठ घेणार, हे आकडा वाचणार आणि लिहून ठेवणार. "चाळीस!" ह्यांचा आवाज अजून मिलमधलाच होता. गल्लीच्या टोकापर्यंत कळायचं की आमच्याकडे भाकरी होऊन राहिली आहे.

पहिल्या दिवशी मी प्रामाणिकपणे चाळीस ग्रॅम घेतलं. भाकरी बघून मला लाज वाटली. एवढीशी भाकरी मी लहानपणी बाहुलीच्या लग्नात केली होती. पोरीनं पेनाचा आकडा फिरवून आबांना, म्हणजे ह्यांना, दाखवला, पोटावर सुई टोचून घेतली, आणि मी भिंतीकडे बघत उभी राहिले. दोन तासांनी बोटातलं रक्त काढलं. एकशे अडुसष्ट.

सुनेला फोन केला. "चालतं, आई," ती म्हणाली.

चालतं हा शब्द मला माहीत होता. प्रगतिपुस्तक घ्यायला आलेल्या पालकांना मी तो अगदी काठावरच्या पोरांसाठी वापरायची. आणि हे लातूर आहे. इथं रस्त्याला लागलं की दर भिंतीवर कुणाच्या तरी लेकराचा फोटो आणि खाली त्याचे मार्क. 'चालतं' असं लिहिलेला बोर्ड मी आजवर पाहिलेला नाही. एकशे अडुसष्ट हा आकडा माझ्या डोक्यात घुसून बसला. तिथून पुढं माझा विचार अगदी सरळ गेला. शुगर म्हणजे काय, तर खाणं. दिरांनी अर्धी भाकरी कमी केली तेव्हा त्यांचे डॉक्टर खूश झाले होते. सगळ्या घराला धाक होता की मी पोरीला जास्त खाऊ घालीन. मी कमी घालून दाखवणार होते.

दुसऱ्या दिवशी वाटीत पीठ घेताना मी वाटी धरायच्या निमित्तानं काट्याच्या ताटलीवर अंगठा ठेवला. फार जोर लागत नाही. पीठ असतं तीस-बत्तीस आणि काटा चाळीस दाखवतो.

"चाळीस!" ह्यांनी पुकारलं आणि लिहून घेतलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं, हे आता बघतील. पण ह्यांचं लक्ष आकड्यावर. मी चोरी करतेय असंही मला वाटत नव्हतं, औषधाला हातभार लावतेय असं वाटत होतं. त्या दुपारी यंत्रावर एकशे बत्तीस आले. तिसऱ्या दिवशी एकशे अठरा. चौथ्या दिवशी ब्याण्णव.

मुलगा म्हणाला, "आई, भारीच की! आमच्याकडं एवढी कधी येत नाही." आणि सून, जिनं अकरा वर्षांत माझ्या आमटीला नुसतं 'छान' म्हटलं होतं, ती म्हणाली, "आई, तुमच्या हाताला गुण आहे." फोन ठेवल्यावर मी ते वाक्य ह्यांना दोनदा सांगितलं. ह्यांनी दोन्ही वेळा नवं असल्यासारखं ऐकून घेतलं.

पोरीची काहीच तक्रार नव्हती. ताट चाटूनपुसून स्वच्छ करायची. काकडी तर किलोकिलोनं खायची. दुपारभर स्वयंपाकघरात घोटाळायची, "आजी, काय करून राहिलीस? रात्रीला काय करणार?" मला वाटलं, पोरीला स्वयंपाकाची आवड आहे. मी तिला पिठाचा गोळा कसा मळायचा ते शिकवलं. आणि गर्वाचं घर खाली, पाचव्या दिवशी मी अंगठा आणखी थोडा दाबला.

त्या दिवशी जेवण होऊन दोन तास झाले असतील. ती शेजारच्या मुलीबरोबर जिन्याखालच्या सावलीत दोरीच्या उड्या मारत होती. उड्यांचा आवाज थांबला. ती आत आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"आजी, पाय कसेतरीच होऊन राहिले."

मला वाटलं ऊन लागलं. जवळ गेले तर अंग घामानं निथळत होतं आणि गार होतं. ओठ पांढरे. हात धरला तर हात थरथरत होता. ह्यांनी यंत्र आणलं, तिचं बोट धरलं, टोचलं. आकडा आला तेव्हा ह्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचला. "सत्तेचाळीस!" तो आवाज घरात तसाच राहिला.

"साखर लागते," पोर म्हणाली. डोळे मिटलेले होते, शब्द जडपणे येत होते, पण पाठ केल्यासारखं सांगत होती. "तीन चमचे, पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत बघायचं."

माझ्या घरात साखर नव्हती. म्हणजे होती, माळ्यावर, मोठ्या पातेल्यात, त्यावर झाकण आणि झाकणावर जुन्या चादरी. पोर यायच्या आदल्या दिवशी साखर, गूळ, सगळं मीच वर टाकलं होतं. सुनेनं बॅगेत ग्लुकोजची पुडी दिली होती, तीसुद्धा. शुगरच्या लेकराच्या बॅगेत ग्लुकोज बघून मला वाटलं होतं, गडबडीत राहिलं असेल. ते कशाला आहे हे वहीत शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं. मी शेवटच्या पानापर्यंत गेले नव्हते. पेपर हातात आला की आधी शेवटपर्यंत वाचा, हे मी बत्तीस वर्षं पोरांना सांगत आले.

हे दुखऱ्या गुडघ्यांनिशी स्टुलावर चढायला लागले. मी शेजारी पळाले. किती वर्षांनी पळाले ते सांगता येणार नाही.

"साखर द्या, वाटीभर. लवकर."

"बाई, कुणाला?" शेजारीण म्हणाली.

"लेकराला."

"अवं, तिला शुगर हाय ना!"

"हाय म्हणूनच. द्या!"

तिनं डबाच हातात दिला. पाण्यात तीन चमचे घालून ढवळलं आणि पोरीच्या ओठाला लावलं. ती घोट घोट प्यायली. ह्यांनी घड्याळ समोर धरलं. ती पंधरा मिनिटं मी जमिनीवर तिला मांडीत घेऊन बसले होते आणि देवाला काहीही कबूल करत होते. नवस नव्हे, कबुली. त्रेसष्ट आले. पुन्हा तीन चमचे, पुन्हा पंधरा मिनिटं. सत्याण्णव. तिच्या गालांवर रंग आला, तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "आता काहीतरी खायचं असतं." मी दूध-भाकर कुस्करून दिली. खाऊन ती तिथंच गादीवर आडवी झाली. दर अर्ध्या तासानं तपासलं, आकडा ठीक राहिला.

हे उठून ओट्याकडे गेले. मिठाची बंद पुडी काढली आणि काट्यावर ठेवली. बरोबर. उचलली, काटा फिरवून दुसऱ्या जागी मांडला, पुन्हा ठेवली. बरोबर. वही काढून पाच दिवसांचे चाळीस-चाळीस बोटानं तपासत गेले. "काट्यात कायतरी खोट हाय," म्हणाले. "वजन बरोबर असतं तर असं झालं नसतं."

"काटा बरोबर हाय," मी म्हटलं. "अंगठा माझा होता."

त्यांना कळायला वेळ लागला नाही. सगळी नोकरी त्यांनी हेच पकडण्यात घालवली होती. वही मिटून ते खुर्चीत बसले. ओरडतील असं मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मिलमध्ये मी आधी माणसाचे हात बघायचो, मग काटा," ते म्हणाले. "तुझे हात बघायचं मनातच आलं न्हाई."

नांदेडला फोन मीच लावला. हे म्हणाले मी सांगतो, पण प्रगतिपुस्तकावर खोटे मार्क लिहिणाऱ्यानंच ते खोडायचे असतात. मुलानं उचलला. सत्तेचाळीस ऐकून त्याचा श्वास ऐकू आला. आता कशी आहे, काय दिलं, किती वेळानं, सगळं विचारून झालं. मग तो म्हणाला, "आई, मोजण्यात तुझी काही चूक नाही गं, कधी कधी होतं असं." तिथं मला गप्प बसता आलं असतं. पाच सेकंद मी बसलेही. मग सांगितलं.

 त्यानं फोन सुनेकडे दिला. मी खांदे आवळून बसले.

"रोज किती ग्रॅम कमी होतं, आई?" तिनं विचारलं. आवाज अगदी कोरा.

"अंदाजे आठ-दहा, एका भाकरीमागं. आज जास्त."

"अंदाजे," ती म्हणाली. "आकडे एवढे छान येत होते म्हणून मी सकाळीच डॉक्टरांना फोन केला होता. तिचा डोस कमी करायचा का विचारायला. उद्यापासून करून बघू म्हणाल्या."

माझ्या अंगठ्यावर लेकराचं औषध ठरणार होतं. हे मला त्या क्षणी इतकं स्वच्छ समजलं की हिवाळ्यात डॉक्टरबाईंसमोर समजलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. दोन बाजू सारख्या ठेवायच्या होत्या. मी एका बाजूचं काढून घेत होते आणि उरलेली सुई तिच्या अंगात तशीच फिरत होती.

"उद्या येऊन घेऊन जावा तिला," मी म्हटलं. "माझं चुकलं. माझ्या हातात लेकरू देण्यासारखं न्हाई."

"ती काय म्हणते ते विचारते," सून म्हणाली. "संध्याकाळी बोलू. पण आई, रात्रीची भाकरी व्हिडिओ कॉलवर करायची. तुमचे दोन्ही हात मला दिसले पाहिजेत."

ते ऐकून मला फार बरं वाटलं. शिक्षा ठरली की पोरांना का बरं वाटतं ते मला कधी समजलं नव्हतं.

संध्याकाळी पोर उठून बसल्यावर मी तिच्यापुढं बसले. तिला आधी सांगायला हवं होतं, फोन नंतर करायला हवा होता, हेही उशिरानं सुचलं. म्हटलं, "बाई, दुपारी जे झालं ते तुझ्या शुगरमुळं न्हाई झालं. माझ्यामुळं झालं. आकडा चांगला यावा म्हणून चार दिवस मी तुझ्या भाकरीतलं पीठ चोरलं. काट्यावर अंगठा ठेवून."

तिनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आबांना कळलं न्हाई?"

"न्हाई."

"आबा तर काट्यावर होते ना?"

"होतो," हे दारातून म्हणाले. त्यांनी खुर्ची उचलून आत, ओट्याला लागून ठेवली होती.

त्या संध्याकाळची भाकरी मी साऱ्या खानदानासमोर केली. फोन तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवला, त्यात सून, तिच्या खांद्यामागे मुलगा. मी चमच्यानं वाटीत पीठ घातलं आणि दोन्ही हात वर केले, पोलिसानं सांगितल्यासारखे. चाळीस. हे वाकून बघत होते, आधी माझे हात, मग आकडा. ह्या वेळी त्यांनी पुकारलं नाही, हळू आवाजात म्हणाले. खरे चाळीस ग्रॅम किती असतात हे मी चार दिवसांत विसरून गेले होते. भाकरी चांगली भरली, तव्यावर टम्म फुगली. सुनेनं दोन भाकरींना किती युनिट ते सांगितलं, पोरीनं सुई घेतली. सून म्हणाली, "आई, मघाशी तिला विचारलं, मुलगी राहायचं म्हणते. राहू द्या. रोज असंच करायचं." मी हो म्हटलं. तिनं फोन ठेवला.

पोर जेवायला बसली. मी पुढं ताट ठेवलं आणि आग्रह केला नाही, कमीही वाढलं नाही. तिनं सावकाश दोन्ही भाकरी खाल्ल्या, आमटी बोटानं पुसून घेतली, पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून बसली.

"आजी, पोट भरलं," ती म्हणाली.

"भरणारच, बाई. आज भाकरी पुरी हाय."

"इथं आल्यावर भरतच नव्हतं. मला वाटलं, माझा आजार वाढला. आता कायम अशीच भूक राहणार." तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "तुला सांगितलं असतं तर तू पप्पांना बोलावलं असतंस. मग मला जावं लागलं असतं. म्हणून सांगितलं न्हाई."

मी तवा उतरवत होते. चुलीपुढं रडायची सोय असते, डोळ्याला पदर लावून धूर म्हणता येतं. गॅसला धूर नसतो. मी तवा खाली ठेवला, तिच्यासमोर बसले आणि तिच्यादेखत रडले.